झाड राहील की जाईल, हे गटार ठरवतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या तुमच्या गावात देवळापासून शाळेपर्यंतचा ८०० मीटरचा रस्ता नव्याने बांधायचं ठरलंय. रुंदी वाढणार, दोन्ही बाजूंना आरसीसी गटार होणार, वर हॉटमिक्स, म्हणजे गरम डांबर-खडीचा थर, पडणार. त्यासाठी ११ झाडं काढावी लागतील असं ग्रामसभेत सांगण्यात आलं: एक वड, चार आंबे, दोन फणस, तीन रेन ट्री आणि शाळेजवळची एक सातवीण. सभेत दोन तट पडले. एक बाजू म्हणते, पावसात घरात पाणी शिरतं, बस वळत नाही, रुग्णवाहिका अडकते, रस्ता झालाच पाहिजे. दुसरी म्हणते, एकाही झाडाला हात लावू देणार नाही. तुमचे वडील पहिल्या बाजूला, तुम्ही दुसऱ्या. आणि तुम्ही विचारता, सरपंचांकडे नेमकं मागायचं काय?

मी २६ वर्षं रस्त्यांच्या कामावर काढली. मोजमापं घेतली, एस्टिमेट केली, कंत्राटदारांच्या डोक्यावर उन्हात उभा राहिलो, आणि बरीच झाडं माझ्या सहीने गेली. निवृत्तीनंतर पंचायतींना आणि रहिवाशांना रस्त्याचे नकाशे समजावून देतो. एवढ्या वर्षांनी एक गोष्ट खात्रीने सांगू शकतो. गावातल्या रस्त्यावरची बहुतेक झाडं डांबरामुळे जात नाहीत, गटारामुळे जातात. काही त्याच वर्षी करवतीखाली जातात. आणि जी वाचली म्हणून आपण समाधान मानतो, त्यातली कितीतरी दोन-तीन पावसाळ्यांत आडवी होतात. तुमच्या प्रश्नात रस्त्याच्या रुंदीवर दोन पानं आहेत, गटारावर एक ओळ. वाद त्या एका ओळीवर व्हायला हवा.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावर मी रस्ता करून घेतला होता. वळणावर एक रायवळ आंबा होता, घेर सव्वादोन मीटर. लोकांनी आग्रह धरला, आम्ही तो ठेवला, सगळे खूश झाले. गटार मात्र बुंध्यापासून दीड हातावरून नेलं. एप्रिलमध्ये खोदाई, मेमध्ये काँक्रीट. पुढच्या वर्षी त्या आंब्याला कधी नव्हे एवढा मोहोर आला. मुळं तुटलेलं झाड पुष्कळदा असंच करतं, मरायच्या आधी भरभरून फुलतं. आम्हाला ते कळलं नाही. तिसऱ्या जुलैत एका रात्री तो पडला. खाली उभी असलेली रिक्षा चेपली. आत कोणी नव्हतं, ही देवाची कृपा.

सकाळी मी तिथे पोचलो तेव्हा मुळांचा गड्डा भिंतीसारखा उभा होता, माझ्या उंचीहून उंच. पण जाडी? दोन वितीही नाही. खाली जांभ्याचा कातळ, त्यामुळे मुळं खोल गेलीच नव्हती, चटईसारखी आडवी पसरली होती. गटाराच्या बाजूला ती चटई फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ कापलेली होती. जेसीबीच्या दातांनी पिंजलेली टोकं काळी पडली होती, बोटाने दाबली की पाणी सुटत होतं. दुसऱ्या बाजूची मुळं लाल मातीत ताजी, आतून पांढरी, ओढून तुटलेली. तीन वर्षं त्या झाडाने एका बाजूच्या मुळांवर सगळा भार पेलला होता. पुढच्या ग्रामसभेत तोच आंबा 'जुनी झाडं धोकादायक असतात' याचा पुरावा म्हणून सांगितला गेला, आणि त्याच रस्त्यावरची आणखी दोन चांगली झाडं तोडली गेली. गटाराच्या नकाशावर सही माझी होती.

आपल्याकडे हे जास्त घडतं त्याला कारण आहे. कुठल्याही झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीतच असतात. त्यात गोव्यात पुष्कळ ठिकाणी मातीचा थर पातळ आणि खाली जांभा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जमीन भिजून लोण्यासारखी होते आणि त्याच दिवसांत वारा जोरात असतो. म्हणजे मुळांची पकड सर्वांत सैल आणि फांद्यांवरचा भार सर्वांत जास्त, हे एकाच वेळी येतं. चारी बाजूंनी मुळं असलेलं झाड ते सोसतं. एक बाजू कापलेली असली की सोसत नाही.

आता गटाराचा आकडा नीट समजून घ्या, कारण ग्रामसभेत तो तुम्हाला कोणी समजावून सांगणार नाही. नकाशावर लिहिलेलं असतं, गटार ६० सेंटिमीटर. ते आतलं माप. दोन्ही बाजूंच्या काँक्रीटच्या भिंती धरल्या की ९०. त्या भिंतींना बाहेरून फळ्या लावायला, गवंड्याला उतरायला जागा लागते, म्हणून खड्डा खोदला जातो तो दीड मीटर किंवा जास्त. कागदावर झाडापासून एक मीटर लांब दिसणारं गटार प्रत्यक्षात बुंध्याला येऊन भिडतं ते असं. जेसीबीवाल्याचा यात दोष नाही, त्याला चुन्याची रेघ दाखवलेली असते आणि संध्याकाळपर्यंत ५० मीटर खोदायचे असतात.

तर पहिलं काम, मोजपट्टी किंवा साधी दोरी घ्या. जमिनीपासून छातीच्या उंचीवर, म्हणजे साधारण १.३७ मीटरवर, बुंध्याचा घेर मोजा. वडाचा मोजताना पारंब्या सोडून मोजा. मग तीच दोरी बुंध्यापासून जमिनीवर सरळ पसरा. जितका घेर तितकं अंतर. त्या अंतराच्या आत यंत्राची बादली लागता कामा नये; ही झाडाला उभं धरून ठेवणारी मुळं. घेर २.२ मीटर असेल तर व्यास सुमारे ७० सेंटिमीटर, आणि व्यासाच्या तिपटीच्या आत मुळं तोडली तर झाड पडण्याचा धोका वाढतो, हा अनुभवाचा ठोकताळा आहे. व्यासाची तिप्पट म्हणजे जवळजवळ घेरच, म्हणून दोरी पुरते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या मानकांत झाडाभोवती व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ संरक्षित धरतात, म्हणजे आपल्या दोरीच्या चौपट. गावच्या रस्त्यावर एवढी जागा मोकळी मिळत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून एका दोरीच्या आत खोदाई नाही, आणि एक ते चार दोऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात फक्त पिकास-फावड्याने हाताने खोदाई, मनगटापेक्षा जाड मूळ तोडायचं नाही, एवढं तरी धरून बसा.

हे चुन्याने जमिनीवर आखा. आणि आखताना दोन्ही तटांची माणसं बोलवा, तुमच्या वडिलांनाही. बार्देशातल्या एका गावात आम्ही असंच केलं. रविवारी सकाळी १४ झाडांभोवती वर्तुळं काढली. आदल्या सभेत एकमेकांवर ओरडणारे दोघे शेजारी दोरीची दोन टोकं धरून उभे होते. तासाभरात सगळ्यांच्या लक्षात आलं की १४ पैकी ९ झाडांना गटार लागतच नाही, दोनांच्या बाबतीत थोडं सरकवलं की भागतं, आणि खरा प्रश्न तीनच झाडांचा आहे. तीन झाडांवर बोलता येतं. 'झाडं हवीत की रस्ता' यावर नुसतं ओरडता येतं.

गटार नको असं मात्र कृपा करून म्हणू नका. तुमच्या वडिलांचं म्हणणं खरं आहे. पाणी हा रस्त्याचा पहिला शत्रू. गटाराशिवाय केलेलं हॉटमिक्स दोन पावसाळे पाहत नाही, आणि पाणी घरात शिरलेल्या माणसाला झाडाचं मोल सांगायला जाणं बरोबरही नाही. गटार हवंच, पण ते झाडापाशी कसं न्यायचं याला चार-पाच उपाय आहेत.

सर्वांत सोपा, दोन्ही बाजूंना गटार हवंच का, हे विचारा. डांबरी रस्त्याला साधारण २.५ टक्के आडवा उतार देतात, मध्यभागी उंच आणि दोन्हीकडे उतरता. पण एका बाजूला रांगेने झाडं असतील तर सगळा उतार दुसऱ्या बाजूला देता येतो. साडेपाच मीटर रुंदीला दोन कडांच्या उंचीत १४ सेंटिमीटरचा फरक पडतो, चालणाऱ्याला किंवा बसला तो जाणवतही नाही. झाडांकडच्या बाजूला मग उथळ, बशीसारखी जांभ्याची फरसबंदी पुरते, खड्डाच नको. ज्या बाजूची घरं सखल आहेत तिकडे मात्र हे करू नका, नाहीतर एकाचं अंगण वाचवताना दुसऱ्याचं बुडेल. हे ठरवायला पावसात एकदा रस्त्यावरून चालणं हाच उपाय. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे गावातल्या बायकांना नकाशापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

झाडं एकेक, विखुरलेली असतील तर झाडाच्या २०-२५ मीटर आधी चेंबर करून पाणी मोरीने रस्त्याखालून पलीकडच्या गटारात टाकायचं आणि झाड ओलांडल्यावर गटार पुन्हा सुरू करायचं. किंवा झाडासमोरच्या तेवढ्या चार-पाच मीटरात जागेवर काँक्रीट ओतण्याऐवजी आधीच ओतून तयार केलेल्या तुकड्यांचं गटार बसवायचं. त्याला बाहेरून फळ्या लागत नाहीत, म्हणजे खड्डा बराच अरुंद होतो. अगदीच अडचण असेल तर गटाराचा तळ वर घेऊन ते रुंद आणि उथळ करायचं, किंवा मोठ्या मुळांच्या मधून दोन-तीन पाइप हाताने खोदून घालायचे. उतार पुरेसा असेल तर हे सगळं चालतं. खर्च थोडा वाढतो. पण एस्टिमेटमध्ये झाडं तोडणं, मुळं काढणं, खड्डा भरणं, लाकूड हलवणं यालाही पैसे लावलेलेच असतात. ते पैसे इकडे वळवा असं मागता येतं.

रुंदीबद्दलही दोन शब्द, कारण तुम्ही बरंच विचारलंय. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत एकपदरी रस्ता ३.७५ मीटर, मधला ५.५, आणि कडेला उंच कर्ब नसलेला दुपदरी ७ मीटर. बसची रुंदी कायद्याने जास्तीत जास्त २.६ मीटर असते. म्हणजे साडेपाच मीटरवर दोन बसगाड्या हळू जाऊन एकमेकींना ओलांडतात. तुमच्या रस्त्यावर दिवसात किती वेळा दोन बसगाड्या समोरासमोर येतात? मोजा. ८०० मीटरमध्ये बहुतेक ठिकाणी साडेपाच आणि जिथे वडासारखं मोठं झाड आहे तिथे २० मीटर लांबीला ३.७५, दोन्ही टोकांना थांबायला जागा, अशी रचना शाळेच्या रस्त्याला उलट बरी, कारण गाड्या आपोआप हळू होतात. मात्र अरुंद जागा समोरून दिसली पाहिजे. वळणात अशी जागा करू नका. बुंध्यावर खिळे ठोकून रिफ्लेक्टर लावू नका, शेजारी खांब रोवून लावा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो, तुमच्या सभेत कोणाला ती आवडणार नाही. रुंदीकरणात झाडं का जातात? पुष्कळदा पलीकडची कुंपणाची भिंत कोणी मागे घ्यायला तयार नसतो म्हणून. भिंतीला मालक असतो, तो आमदाराला फोन करतो. झाड सरकारी कडेला असतं. मी स्वतः असे नकाशे केलेत, जिथे एक भिंत ६० सेंटिमीटर मागे गेली असती तर तीन फणस राहिले असते. झाडं वाचवायला पुढे आलेल्यांपैकी दोघांनी जरी आपल्या अंगणातली पट्टी लेखी द्यायची तयारी दाखवली, तरी सभेचा नूर बदलतो. विजेच्या खांबांचंही तसंच. खांब हलवता येतो, झाड नाही, तरी नकाशात खांब जागेवर धरून झाड काढलेलं मी वारंवार पाहिलंय.

वडाची काळजी मला कमी वाटते. त्याच्याखाली घुमटी आहे, राखणदाराचं स्थान आहे असं तुम्ही लिहिता. गाव गाऱ्हाणं घातल्याशिवाय, कौल लावल्याशिवाय त्याला हात लावणार नाही. पण याचीच दुसरी बाजू मला डाचते. वड वाचला की गावाला वाटतं आपण झाडं वाचवली, आणि त्या समाधानात आंबे, फणस, सातवीण बिनबोभाट जातात. शाळेजवळची सातवीण दिवाळीच्या सुमारास फुलते तेव्हा तिचा वास मुलांच्या दप्तरात शिरतो, पण तिला घुमटी नाही म्हणून तिच्या बाजूने बोलायला कोणी उभं राहत नाही. तुमच्या यादीत तिला वर आणा.

काही झाडं काढावी लागतात, हेही ऐकून घ्या. तीन रेन ट्री आहेत म्हणता. हे झाड मूळ अमेरिकेतलं, सावली अप्रतिम, पण फांद्या लांब, जड आणि आडव्या, मुळं वरवरची. ती निरोगी असतील तर ठेवा आणि जाणत्या माणसाकडून फांद्या हलक्या करून घ्या. शेंडा छाटून टाकणं म्हणजे हलकं करणं नव्हे. छाटलेल्या जागी जे फुटवे येतात ते चिकटवल्यासारखे असतात आणि तेच पुढे तुटून पडतात. पण बुंध्याच्या तळाशी फळीसारखी भूछत्रं उगवली असतील, झुकलेल्या झाडाच्या पाठीमागे जमिनीला भेग पडली असेल, एका बाजूची जमीन उचललेली असेल, तर ते झाड शाळेच्या वाटेवर ठेवू नका. लाकडी मोगरीने बुंधा ठोकून पाहा, पोकळ आवाज कुठे येतो ते खडूने आखा. पोकळी दिसली म्हणून घाबरू नका. बाहेरच्या निरोगी लाकडाची जाडी त्रिज्येच्या एक तृतीयांश तरी असेल तर पोकळ बुंधाही सहसा टिकतो. झाडप्रेमींनी स्वतः पुढे होऊन 'हे एक काढा' असं म्हटलं की उरलेल्या दहांबद्दलचं त्यांचं म्हणणं अभियंता गांभीर्याने ऐकतो. मी त्या खुर्चीत बसलेला होतो, म्हणून सांगतो.

अभियंता 'झाडाखाली डांबर टिकत नाही' म्हणेल. तो खोटं बोलत नाही. पाऊस थांबल्यावरही पानांवरून थेंब पडत राहतात, सावलीत रस्ता वाळत नाही, आणि खडीवरचं डांबर सुटतं. त्यावर उपाय तेवढ्या लांबीला काँक्रीट किंवा पेव्हर घालणं. मात्र ते बुंध्यापर्यंत नेऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तो आदेश दिल्लीपुरता असला तरी त्यामागचं कारण डिचोलीतही तेच आहे, मुळांना हवा आणि पाणी हवं. आपल्याकडे लोक श्रद्धेने झाडाभोवती पेड, म्हणजे पार, बांधतात, आत दोन फूट माती भरतात, वर लाद्या बसवतात. त्याने बुंध्याची साल मातीखाली कुजते. पेड हवं तर झाडापासून लांब, बसायच्या कट्ट्यासारखं बांधा आणि आतली जमीन आहे त्या पातळीला ठेवा.

आता कायदा. गोवा, दमण आणि दीव वृक्षसंरक्षण कायदा १९८४ चा. झाड तोडायची परवानगी वन खात्यातला वृक्ष अधिकारी देतो. पंचायतीचा ठराव म्हणजे ती परवानगी नव्हे, आणि रस्ता सरकारी आहे म्हणून परवानगीतून सूट मिळत नाही. झाडाला इजा करणंही त्या कायद्याच्या कक्षेत येतं, त्यामुळे मुळं कापायचा मुद्दा लेखी मांडायला आधार आहे. परवानगीचा अर्ज झाला आहे का, त्यात किती झाडं आणि कोणत्या घेराची लिहिली आहेत, हे माहिती हक्कात मागा, आणि वृक्ष अधिकारी, अभियंता व पंचायत यांची संयुक्त पाहणी व्हावी असा अर्ज द्या. पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची. तिच्या नोंदवहीत ही झाडं आहेत का पाहा. नसतील तर आत्ताच घेरासकट नोंदवा. लोकांच्या आवाजाने फरक पडतो हे गोव्याने पाहिलंय: २०१६ साली नारळाला कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून वगळलं, लोक उठले, आणि २०१७ साली तो पुन्हा आत आला, वर राज्यवृक्षही झाला.

पण वेळ गाठायला हवी. तांत्रिक मंजुरीच्या आधी नकाशातली रेघ सरकवायला एक पेन्सिल पुरते. निविदा निघाल्यावर तीच रेघ सरकवायला सबंध फाइल फिरवावी लागते, आणि कार्यादेशानंतर कंत्राटदार नुकसानभरपाईची भाषा बोलू लागतो. तुमचं काम अजून एस्टिमेटच्या टप्प्यावर आहे असं दिसतं. म्हणून पुढच्या सभेत 'झाडं तोडू नका' असा ठराव मांडू नका, त्याने काही बांधलं जात नाही. ठरावात लिहा की रस्त्याच्या नकाशावर प्रत्येक झाड घेरासकट दाखवावं, प्रत्येक झाडापाशी गटाराचा वेगळा छेद, म्हणजे आडवा कापून दाखवलेलं चित्र, काढावा, आणि झाडाजवळची खोदाई हाताने करण्याची बाब निविदेत स्वतंत्र धरावी. निविदेत जी बाब नसते तिचे पैसे कंत्राटदाराला मिळत नाहीत, आणि पैसे नसलेलं काम साइटवर होत नाही.

झाडं मुळासकट उचलून दुसरीकडे लावू, असं कोणीतरी सुचवेलच. २०२५ साली पर्वरीत महामार्गावरच्या उड्डाणपुलासाठी खाप्रेश्वराचा जुना वड हलवला गेला तेव्हा लोकांना किती यातना झाल्या, ते आपण पाहिलं. वड-पिंपळ त्यातल्या त्यात पुन्हा धरतात. आंबा-फणसाचं जुनं झाड सहसा धरत नाही. नीट करायचं तर व्यासाच्या दहापट रुंदीचा मातीचा गड्डा लागतो, आणि कित्येक महिने आधीपासून टप्प्याटप्प्याने मुळं कापून नवी फुटू द्यावी लागतात. मे महिन्यात क्रेन आणून एका दिवसात उपटलेलं झाड म्हणजे तोडलेलंच झाड. शेवटचा उपाय म्हणून ठीक, पण 'हलवू' या शब्दावर सही देऊ नका.

काम सुरू झालं की आठवडाभर रोज कोणीतरी तिथे थांबा. मूळ कापावंच लागलं तर करवतीने स्वच्छ कापून घ्या, बादलीने ओढून नको. उघड्या मुळांवर ओलं गोणपाट टाका आणि त्याच दिवशी माती भरा. खडी, वाळू, सिमेंट धुतलेलं पाणी बुंध्याशी टाकू देऊ नका. जेसीबीवाल्याला सकाळी चहा देऊन वर्तुळ दाखवा. तो समजून घेतो, त्याला आजवर कोणी दाखवलेलं नसतं. आणि ज्या एक-दोन झाडांना जावं लागेल त्यांच्या बदल्यात रोपं लावताना जागा, जात आणि फेब्रुवारी ते मे पाणी घालणारा माणूस, तिन्ही ठरवून घ्या. तीन उन्हाळे सांभाळलं तरच ते झाड होतं.

या रविवारी ११ झाडांचे घेर, बुंध्यापासून सध्याच्या डांबराच्या कडेपर्यंतचं अंतर, आणि नव्या गटाराची आतली कड कुठे येते, एवढं लिहून पाठवा. रस्त्याला उतार कुठल्या दिशेला आहे तेही लिहा. मग कुठल्या झाडापाशी गटार कसं न्यायचं हे मी एकेक करून सांगतो. सातविणीचं माप आधी पाठवा. शाळेजवळ गटार वळतं असं तुम्ही म्हणता, आणि वळणावर खोदाई नेहमी आतल्या बाजूला सरकते.